वीसपैकी वीस

दहावीच्या एका विषयात पास व्हायला शंभरपैकी ३५ गुण लागतात. लेखी पेपर ८० गुणांचा, उरलेले २० शाळेच्या हातात. शाळेने वीसच्या वीस देऊन टाकले की पोराला लेखीत ८० पैकी फक्त १५ आणायचे राहतात. म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. गणितात हे १५ गुण बीजगणित आणि भूमिती या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन पेपरांत मिळून आणायचे. आता पेपरचा आराखडा बघा. दोन्ही पेपरांत पहिला प्रश्न ८ गुणांचा असतो, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे उपप्रश्न. दोन पेपरांचे मिळून १६. एकही पूर्ण उदाहरण न सोडवता, पहिल्या प्रश्नाच्या पुढे पानही न उलटता मूल गणितात पास होऊ शकतं.

हा हिशोब खानदेशातल्या कुठल्याही हायस्कूलच्या शिक्षकखोलीत कुणालाही शिकवावा लागत नाही. चाळीसगाव असो, शिरपूर असो, नाहीतर सातपुड्यात धडगाव. फेब्रुवारीत अंतर्गत गुण भरायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘देऊन टाका सर, आपलं काय जातं?’ या वाक्यामागे वाईट हेतू क्वचितच असतो. पोर गरीब घरचं आहे, बाप कापसात नाहीतर ऊसतोडीला आहे, दोन गुणांसाठी त्याचं वर्ष कशाला घालवायचं, असा तो विचार. शिवाय पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तिथे, शिक्षकाचं पद जातं. निकाल घसरला की पुढच्या वर्षी पालक पोराला शेजारच्या गावच्या शाळेत घालतात. शंभर टक्के निकालाचा फलक गावच्या वेशीवर लागतो, ब्याण्णव टक्क्यांचा लागत नाही.

मला मात्र वाटतं की आपलं पुष्कळ जातं. मंडळाचा पेपर तपासणाऱ्या परीक्षकासमोर असतं ते बारकोडचं स्टिकर लावलेलं एक उत्तरपत्रक. ते मूल कोण, वर्षभर कसं शिकलं, कुठं अडलं, त्याला काही ठाऊक नसतं. मुलाला रोज बघणाऱ्या माणसाने द्यायचे गुण फक्त हे वीस आहेत. दोन-तीन तासांच्या पेपरला जे दिसत नाही ते सांगण्यासाठी ते ठेवले आहेत. मूल ऐकून समजतं का, उभं राहून चार वाक्यं सलग बोलतं का, भिंग हातात घेऊन मोजमाप करतं का. आणि नेमके तेच गुण आपण असे करून ठेवलेत की त्यांतून काहीच कळत नाही. वर्गातल्या साठच्या साठ मुलांना १९ आणि २० असतील तर त्या रकान्याचा आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच.

या वीस गुणांचं वजन केवढं आहे ते एकदा राज्याने अनुभवलं आहे. २०१८-१९ साली भाषा विषयांसह काही विषयांचे अंतर्गत गुण काढून घेतले गेले. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ चा ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी पुस्तकंही नवी होती आणि पेपरची पद्धतही नवी, म्हणून सगळी घसरण एकाच कारणावर टाकता येणार नाही. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्यातही टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले होते. सगळ्या सबबी वजा केल्या तरी एवढं उरतं, की पास-नापासाची रेघ बऱ्याच अंशी शाळेच्या पेनाने ओढली जाते.

फुगवटा कुठे बसतो, तेही बघण्यासारखं आहे. टक्केवारी उत्तम पाच विषयांची, म्हणजे ५०० गुणांची. त्यांतले १०० शाळेचे. ते सगळे मिळाले असं धरलं तर ८० टक्केवाल्या मुलाने लेखीत ४०० पैकी ३०० मिळवलेले असतात, म्हणजे ७५ टक्के. इथे फरक पाचाचा. ५० टक्केवाल्याचं लेखी ४०० पैकी १५०, म्हणजे साडेसदतीस. आणि ३५ टक्केवाल्याचं ७५, म्हणजे एकोणीसही नाही. हुशार मुलाला या खैरातीने फारसं काही मिळत नाही. ज्याला मदतीची खरी गरज आहे, त्याची गरजच तिच्याखाली झाकून जाते. अकरावीला सायन्स घेऊन पहिल्याच घटक चाचणीत जे मूल गप्प होतं, त्याला आपण काय चुकलो ते कळत नाही, कारण आदल्या वर्षापर्यंत कुणी त्याला काही चुकलं म्हणून सांगितलेलंच नसतं.

मग हे वीस गुण खरे कसे द्यायचे? तिथे नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, वेळेचा हिशोब लागतो. एका मुलाची तोंडी परीक्षा नीट घ्यायची तर चार मिनिटं लागतात. साठ मुलांना २४० मिनिटं. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर सात तासिका. एका तुकडीच्या एका विषयाच्या सात तासिका फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुठून काढणार? सराव परीक्षा चालू असतात, प्रवेशपत्रं वाटायची असतात. म्हणून मग पाच-पाच जणांना एकदम टेबलापाशी उभं करतात, एकेक प्रश्न विचारतात आणि सगळ्यांना १८. यावर उपाय एकच. तोंडी परीक्षा नोव्हेंबरपासून सुरू करायची, आठवड्याला आठ मुलं, एका दिवशी दोन-तीन, तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत. दिवाळीची सुट्टी धरूनही जानेवारीच्या मध्यापर्यंत साठ मुलं होतात आणि ज्यांचं बिघडलं त्यांना दुसरी संधी द्यायला पंधरा दिवस हातात उरतात.

श्रवणाची चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त बिघडलेली. दीडशे शब्दांचा उतारा घ्यायचा, तो पाठ्यपुस्तकातला नको. पुस्तकातला घेतला की ऐकणं राहतं बाजूला, पाठांतराचीच परीक्षा होते. नेहमीच्या गतीने दोनदा वाचायचा, मधे अर्थ सांगायचा नाही. मग पाच प्रश्न: दोन सरळ माहितीचे, एक क्रमाचा, एक कारणाचा, एक उताऱ्यात थेट नसलेला पण ऐकणाऱ्याला उमगणारा. उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्यायची. तोंडी विचारली की पुढच्या बाकावरचा सांगतो आणि अख्खा वर्ग त्याचीच री ओढतो. मोबाइलवरून उतारा ऐकवणं पत्र्याच्या खोलीत जमत नाही, मागच्या तीन रांगांना पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. आपला आवाज बरा.

भाषणाच्या पाच गुणांसाठी पाच गोष्टी आधीच फळ्यावर लिहून ठेवाव्यात, प्रत्येकीला एक गुण. विषय सोडला नाही. सांगण्यात क्रम होता. स्वतःचं एक तरी उदाहरण दिलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं. आणि शेवटी विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर दिलं. हा पाचवा गुण फार महत्त्वाचा, कारण पाठ करून आलेलं मूल तिथे लगेच ओळखू येतं. विषय मुलांच्या जगण्यातले ठेवावेत: कापूस वेचताना दिवस कसा जातो, केळीचा घड कापल्यापासून ट्रकात चढेपर्यंत काय काय करतात, आखाजीची (अक्षय तृतीयेची) गौराई आणि झोका, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, तापीचं पाणी वाढतं तेव्हा. ‘माझा आवडता नेता’ दिला की निबंधाच्या पुस्तकातली चार वाक्यं परत येतात. यावलच्या मुलीला केळीवर बोलायला सांगा, चार मिनिटं कमी पडतील.

इथे अहिराणीचा प्रश्न येतो, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. घरी ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ म्हणणारं मूल शाळेत ‘मला’, ‘तुला’, ‘आहे’ म्हणायला शिकतं. बोलण्याच्या भरात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. भाषणाच्या वरच्या पाच निकषांत कुठेही ण-न नाही, म्हणून भाषणात त्यासाठी गुण कापायचे नाहीत. लेखनात शुद्धलेखनाला जेवढे गुण ठेवलेत तेवढ्यांतूनच कापायचे, आशयाच्या गुणांना हात लावायचा नाही. चुकतं कुठे? चार अशुद्ध शब्द दिसले की परीक्षकाचं मन आधीच खाली उतरतं आणि पाचपैकी दोन पडतात, मुद्दे सगळे असूनसुद्धा. उलटही होतं. ‘बिचाऱ्याची घरची भाषाच वेगळी’ म्हणून शुद्धलेखनाचेही पूर्ण गुण देतात, आणि प्रमाण लेखन शिकायची त्याची शेवटची संधी जाते. दोन रकाने वेगळे ठेवले तर दोन्ही अन्याय टळतात. पावरी, भिलोरी, मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी जपायला हवं. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाची मराठी हीच दुसरी भाषा असते आणि मंडळाच्या लेखी ती ‘प्रथम भाषा’ असते.

गणिताच्या अंतर्गत गुणांत गृहपाठ असतो. गृहपाठाची वही म्हणजे गाइडची नक्कल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वह्या तपासणाऱ्याच्या बाजूनेही बघा. दोन तुकड्यांच्या १२० वह्या, वहीला तीन मिनिटं, म्हणजे सहा तास. एका गृहपाठाला! कुणी इतकं करू शकत नाही, म्हणून लाल पेनाने तिरपी रेघ आणि खाली सही. त्यापेक्षा पाच उदाहरणं द्यावीत, कोणतं तपासणार ते सांगू नये, आणि तपासताना एकच पूर्ण तपासावं, पायरी पायरीने. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताना त्याच उदाहरणातले आकडे बदलून दहा मिनिटांत चिठ्ठीवर सोडवायला द्यावं. वहीत बरोबर आणि चिठ्ठीवर कोरं असेल तर गृहपाठाचे गुण चिठ्ठीला द्यावेत. पहिले दोन आठवडे मुलं रुसतात. मग गाइड बघितलं तरी समजून बघायला लागतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

पायरीचे गुण हा वेगळाच विषय आहे आणि माझ्या मते सगळा कस तिथेच लागतो. साधं वर्गसमीकरण घ्या: २क्ष² + ५क्ष − ३ = ०, सूत्राने सोडवा, ३ गुण. तपासायला बसण्याआधी कागदावर वाटणी लिहायची. अ, ब, क च्या किमती अर्धा. ब² − ४अक हे पद अर्धा, त्याची किंमत ४९ आली तर आणखी अर्धा. सूत्र अर्धा. सूत्रात किमती घालणं अर्धा. दोन्ही मुळं, १/२ आणि −३, अर्धा. आता नेहमीची चूक: क ची किंमत −३ आहे हे विसरून मूल २५ − २४ = १ करतं. पुढे त्याने (−५ ± १)/४ केलं आणि −१ व −३/२ अशी मुळं काढली. याला किती? एक म्हणेल शून्य, उत्तरच चूक. दुसरा म्हणेल अडीच, रीत तर बरोबर आहे. वाटणी आधी लिहिलेली असेल तर वाद होत नाही: ४९ चा अर्धा गेला, उत्तराचा अर्धा गेला, बाकीच्या पायऱ्या त्याने स्वतःच्या आकड्यावर नीट केल्या, २ गुण. एक चूक खाली प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा कापायची नाही. आणि ज्याने रीत न दाखवता नुसतं ‘१/२, −३’ लिहिलं, त्याला किती द्यायचे तेही त्याच कागदावर आधी ठरलेलं पाहिजे. तपासताना ठरवलं की ते मुलाचं अक्षर बघून ठरतं.

विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नात हीच गंमत. सोडियम केरोसीनमध्ये का ठेवतात? उत्तरात दोन गोष्टी हव्यात: साध्या तापमानाला हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी त्याची तीव्र अभिक्रिया होऊन ते पेट घेतं, आणि केरोसीनशी त्याची अभिक्रिया होत नाही, ते त्यात बुडून राहतं. एकेक गुण. ‘सोडियम ज्वलनशील आहे म्हणून’ एवढंच लिहिलं तर अर्धा. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं नाही म्हणून कापू नये. उलट ‘हवा लागली की पेटतं, रॉकेलमध्ये हवा लागत नाही’ असं आपल्या शब्दांत लिहिणाऱ्याला समजलं आहे. त्याला दीड द्या, आणि बाष्प राहिलं असं शेजारी लिहा.

प्रात्यक्षिकाचे वीस गुण तर प्रयोगवहीच्या कव्हरवरच मिळतात असं व्हायला नको. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायला काय लागतं? एक भिंग, एक पांढरा पुठ्ठा, मीटरपट्टी आणि खिडकीबाहेरचं लांबचं झाड. झाडाची प्रतिमा पुठ्ठ्यावर स्पष्ट होईपर्यंत भिंग मागे-पुढे करायचं, अंतर मोजायचं, असं तीनदा, आणि सरासरी. खऱ्या नोंदी ९.८, १०.१, ९.९ अशा येतात. वहीत तीनही ओळींत १०.० असेल आणि सगळ्या वर्गाच्या वह्यांत १०.० असेल, तर भिंग कपाटातून बाहेर निघालेलंच नाही. वही मागच्या वर्षीच्या मुलाची, तिच्या आधी आणखी कुणाची. भिंगं चारच असतील तर साठ मुलांचे पंधरा-पंधराचे चार गट करून आठवड्याला एक गट, चार आठवड्यांत प्रयोग होतो. गुण देताना वही बंद करायला लावून भिंग हातात द्यावं. मूल खिडकीकडे गेलं तर त्याने प्रयोग केला आहे.

लेखी उत्तरपत्रिका तपासण्याच्या काही सवयी सांगतो. त्या बोर्डाच्या कामाला जाणाऱ्यांना माहीत असतात, पण शाळेच्या परीक्षेत आपण सोडून देतो. नाव असलेलं पान दुमडून ठेवायचं. एका मुलाचा पूर्ण पेपर एकदम तपासायचा नाही; सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे एकाच प्रश्नाचा एकच निकष डोक्यात राहतो. एका बैठकीला पंचवीसच्या वर नकोत. गठ्ठा संपला की पहिल्या पाच पुन्हा बघायच्या. सुरुवातीला आपण कडक असतो आणि रात्र चढली की ढिले होतो, किंवा उलट. दोन गुणांचा फरक सहज निघतो.

मंडळात परीक्षकाच्या वर नियामक असतो आणि त्याच्या वर मुख्य नियामक, म्हणून तिथे निदान एक गाळणी आहे. शाळेच्या वीस गुणांवर आणि नववीच्या पेपरांवर तशी गाळणी नाही, ती आपणच लावायची. जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक दुपार काढली तरी पुरतं. एकाच पेपरच्या पाच उत्तरपत्रिका निवडायच्या, दोन चांगल्या, दोन मधल्या, एक काठावरची. गुण न दाखवता झेरॉक्स. तिघांनी वेगवेगळं बसून तपासायच्या आणि मग आकडे शेजारी शेजारी लिहायचे. चाळीस गुणांच्या पेपरात दोनपेक्षा जास्त अंतर आलं तर तो प्रश्न उघडायचा आणि बोलायचं. बहुतेक वेळा काठावरच्या पेपरवरच भांडण होतं, ११ की १५, आणि तेच भांडण व्हायला हवं असतं.

प्रश्नपत्रिकेबद्दल थोडक्यात. संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या घटकाला किती गुण याचा आराखडा, केवळ तपासणीला दाखवायला करू नये. विकत मिळणाऱ्या तयार प्रश्नपत्रिकेला आपण काय शिकवलं ते ठाऊक नसतं, आणि ती क्लासवाल्याकडे आपल्याआधी पोचलेली असू शकते. चाळीसपैकी बारा गुण सगळ्यांना यावेत असे, वीस मेहनत केलेल्याला, आठ विचार करणाऱ्याला, एवढी वाटणी जरी धरली तरी पेपर मुलांना वेगळं करून दाखवतो. परीक्षेनंतर प्रश्नवार आकडे काढावेत. एखाद्या प्रश्नाला साठपैकी पाचांनाच गुण मिळाले असतील तर शिकवणं राहिलंय, नाहीतर प्रश्नाचं वाक्य चुकलंय. दोन्ही बाबतींत मुलाला दोष नाही.

पण हे सगळं दहावीत सुरू करून उपयोग नाही. मूल नववीत येतं तेव्हा त्याच्या मागे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची आठ वर्षं असतात. २०१० पासूनच्या त्या पद्धतीत कागदावर वाईट काही नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, छोटी चाचणी, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०, सगळं शहाणपणाचं. आठवीपर्यंत नापास करायचं नाही हे शिक्षण हक्क कायद्याने सांगितलं. न तपासता श्रेणी द्या असं कुठेही सांगितलेलं नव्हतं. आपणच तसं वाचलं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तरी श्रेणी आणि येणं यांतली दरी एका परीक्षेने बुजत नाही. ‘अ-२’ घेऊन आलेल्या मुलाला ३/४ मधून २/३ वजा करता येत नाही आणि वर्णनात्मक नोंदीत ‘गणिती क्रिया आत्मविश्वासाने करतो’ लिहिलेलं असतं.

म्हणून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पुस्तक उघडण्याआधी, नववीच्या मुलांची पंधरा प्रश्नांची निदान चाचणी घ्यावी. तीन अंकी गुणिले दोन अंकी, दशांशाचा भागाकार, भिन्न छेदांची वजाबाकी, −७ + ४, शेकडेवारी, एक शाब्दिक उदाहरण, आणि दहा ओळींचा उतारा वाचून तीन प्रश्न. या चाचणीला गुण द्यायचे नाहीत, फक्त कुणाला काय येत नाही त्याची यादी. यादीतली मुलं पाच-सहाच्या गटात, शाळा भरण्याआधी वीस मिनिटं, ऑगस्टअखेरपर्यंत. करोनानंतर २०२१ मध्ये आलेल्या सेतू अभ्यासात हीच कल्पना होती. शिकवणं जिथून तुटलं तिथून जोडायचं.

खानदेशात शाळेचं वर्ष शेताच्या वर्षाशी झगडत चालतं. सत्र परीक्षा येते तेव्हा कापूस फुटलेला असतो. दसऱ्यानंतर पटावर साठ आणि वर्गात अडतीस. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलाला हंगामी वसतिगृह मिळालं तर ते गावात राहतं, नाहीतर फडावर. पेपर चालू असताना होळी येते, आणि काठीच्या राजवाडी होळीच्या रात्री सातपुड्यातलं कुठलं पोर घरी अभ्यास करत बसेल? अशा मुलाच्या अंतर्गत गुणांच्या रकान्यात अंदाजाने १६ लिहिणं फार सोपं. ते गैरहजर होतं तेव्हा रकाना रिकामा ठेवावा, शिशाने ‘राहिली’ लिहावं, आणि परत आल्यावर दोन रविवारी त्याची तोंडी आणि चाचणी घ्यावी. याला वेळ जातो. पण अंदाजाचे १६ म्हणजे ‘तू वर्गात असलास काय आणि नसलास काय, सारखंच’ असं त्याला लेखी कळवणं आहे.

सर्वांत अवघड मुद्दा मुलींचा. ज्या शिक्षिका अंतर्गत गुण सढळ हाताने देतात त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असतं की ही नापास झाली तर पुढच्या आखाजीच्या आत हिचं लग्न ठरेल. या भीतीला नावं ठेवायचा कुणाला अधिकार नाही. पण वीस गुण हा या भीतीवरचा फार कच्चा उपाय आहे. तेवढ्यावर काठाने पास झालेली मुलगी अकरावीत इंग्रजीपाशी अडते आणि तेच लग्न एका वर्षाने होतं. निकालाच्या आठवड्यात तिच्या घरी गेलं पाहिजे. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत बसता येतं, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो, शाळा सुटलीच असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे घरच्यांना ठाऊक नसतं; ‘नापास’ एवढा एकच शब्द त्यांना कळतो. आणि त्या पुरवणीपर्यंत शाळेच्या एखाद्या खोलीत रोज दीड तास त्या मुलींना कुणी बसवून घेतलं, तर त्या सुटतात.

आता एक आक्षेप, ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. एका शाळेने खरे १४ दिले आणि दुसरीने डोळे मिटून २०, तर पहिल्या शाळेच्या मुलाचे पाच विषयांत तीस गुण कमी होतात, म्हणजे सहा टक्के. यादीत तो शेकडो नावं खाली जातो, आणि शिक्षा होते ती खरं काम करणाऱ्या शाळेच्या पोराला. म्हणून एकट्या शिक्षकाने कडक व्हावं असं मी म्हणणार नाही. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांनी निकष एकत्र ठरवले, उत्तरपत्रिका अदलाबदल करून बघितल्या, तरच हे टिकतं. आणि तोवर एक मार्ग प्रत्येकाच्या हातात आहे: गुण शेवटच्या दिवशी न देता नोव्हेंबरपासून द्यायचे. पहिल्या फेरीत १२ मिळाले, काय राहिलं ते सांगितलं, जानेवारीत पुन्हा घेतली, १६ झाले, आणखी एकदा घेतली, १८. हे १८ मुलाने कमावलेले असतात. मंडळाला शेवटचाच आकडा जातो, मधली पायरी मुलाकडे राहते.

ती पायरी दिसायला गुणांच्या वहीत आकड्यापुढे चार शब्दांची जागा हवी. ‘भाषण ३’ एवढंच नको. ‘भाषण ३, आवाज छान, क्रम चुकतो, प्रश्नाला गप्प.’ ही नोंद मुलीला वाचून दाखवायची, आणि भाषणाच्या पुढच्या विषयाची चिठ्ठी काढायला तिला आठ दिवसांनी परत बोलवायचं.